सह्याद्रीत फुलते ती कारवी, नीलकुरिंजी नव्हे

पाऊस ओसरू लागला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. जांभळ्या डोंगरउताराचा फोटो आणि खाली ओळी: ‘बारा वर्षांतून एकदाच फुलणारी नीलकुरिंजी यंदा आपल्या सह्याद्रीत फुलली आहे. हिलाच आपण कारवी म्हणतो. आता चुकलात तर थेट बारा वर्षांनी!’ यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी ठिकाण. नीलकुरिंजी ही दक्षिणेकडच्या उंच घाटमाथ्याची. केरळ-तमिळनाडूतल्या मुन्नार, एराविकुलम, पळणी, निलगिरी इथल्या शोला जंगलांलगतची (म्हणजे डोंगरदऱ्यांतल्या बुटक्या सदाहरित रानांलगतची) गवताळ कुरणं हे तिचं घर, आणि तेही साधारण 1300 मीटरच्या वर. महाराष्ट्रात डोंगरच्या डोंगर जांभळे करते ती कारवी. तिला एवढी उंची लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टेकड्यांवरही ती दाट वाढते.

दोन्ही एकच, हा दावा जास्त पसरतो, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. दोन्ही स्ट्रोबिलँथस या एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या), पण दोन वेगळ्या जाती. दोघींची फुलं घंटेसारखी, निळी-जांभळी. दोघीही वर्षानुवर्षं नुसत्या वाढतात, एकदाच एकत्र बहरतात आणि बी धरून मरतात. बहराचे महिनेही जवळपास तेच. म्हणून नुसत्या फुलाच्या जवळून काढलेल्या फोटोवरून निवाडा करूच नये. बाकीचं झाड पाहावं. कारवी माणसाच्या डोक्यावर जाते. तिच्या सरळसोट काठ्यांचं रान इतकं दाट होतं की त्यातून वाट काढताना अंग खरचटतं. पान मोठं, खरखरीत, दातेरी कडेचं, आणि जून खोडावर चामखिळीसारखे उंचवटे. याच काठ्यांचे कूड विणून, वर शेणमाती लिंपून कोकणात आणि घाटमाथ्यावर घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. नीलकुरिंजी उघड्या गवतात बहुधा गुडघ्याएवढीच राहते, पानही लहान. तिचा कूड होणार नाही. कासच्या पठारावर उपड्या टोपलीसारखी गोल झुडपं दिसतात, ती टोपली कारवी. तीही याच प्रजातीतली, पण जात तिसरी. तिची पानं देठाशिवाय थेट खोडाला चिकटलेली असतात, एवढं पाहिलं तरी पुरे. तिचेही फोटो नीलकुरिंजी म्हणून खपवले जातात.

बारा वर्षांचा आकडा नीलकुरिंजीचा. मुन्नारला ती 2006 आणि 2018 मध्ये बहरली, म्हणजे तिथला पुढचा मोठा बहर 2030 च्या सुमाराचा. कारवीचं चक्र बहुतेक ठिकाणी सात वर्षांचं सांगतात. मुंबईच्या टेकड्यांवर ते आठांचं दिसतं: 2008, 2016, 2024. शिवाय सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. एका डोंगरावर बहर संपून काठ्या वाळलेल्या असतात, तेव्हा दुसरीकडचा अजून यायचा असतो. नीलकुरिंजीचंही तसंच. मुन्नारचा बहर 2018 चा, तर त्याच इडुक्की जिल्ह्यातल्या शांतनपाऱ्याचा 2022 चा. तेव्हा ‘आता चुकलात तर बारा वर्षं’ ही भीती दोन्ही अंगांनी खोटी आहे.

आणि हीच भीती मला सगळ्यात जास्त खुपते. ती वाचून लोक एका शनिवार-रविवारी एकाच उतारावर लोटतात, फोटोसाठी रानात घुसतात, फुलोऱ्याच्या काठ्या मोडून घरी नेतात. कारवीच्या त्या काठीला पुन्हा फुलायचं नसतं. फुलोऱ्यानंतर बोंडं झाडावरच वाळतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी तडतडून फुटतात, तेव्हा कुठे बी जमिनीवर पडतं. म्हणजे बहर पाहून आपण परतल्यावरही कित्येक महिने त्या वाळक्या रानाला धक्का लागता कामा नये. तेवढ्यात काठ्या तोडल्या, तर सात-आठ वर्षांची कमाई त्या उतारावरून गेली.

फोटो जरूर पाठवा, पण फुलाबरोबर पान, खोड आणि झाडाची उंचीही दिसू द्या, आणि डोंगराचं नाव व वर्ष लिहा. दक्षिणेत नीलकुरिंजीच्या बहरांची साखळी 1838 पर्यंत मागे नेता येते, कारण लोकांनी ती वर्षं लिहून ठेवली. राजमाची, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर इथली कारवी कोणत्या वर्षी फुलली, हे असंच डोंगरवार लिहिलं गेलं पाहिजे.