‘अफेलिऑन’मुळे जुलैत गारठा आणि आजारपण? एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे: उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून २२ ऑगस्टपर्यंत ‘अफेलिऑन’ (म्हणजे अपसूर्य बिंदू, पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जागा) चालणार आहे, सूर्य एरवी पृथ्वीपासून ५ प्रकाश-मिनिटे, म्हणजे ९ कोटी किलोमीटर दूर असतो, तो या काळात १५ कोटी २० लाख किलोमीटर, म्हणजे ६६ टक्के अधिक दूर जाईल, त्यामुळे कडक गारठा पडेल आणि अंगदुखी, ताप, खोकला व श्वासाचा त्रास वाढेल.

यातला १५ कोटी २० लाख हा आकडा खरा आहे, आणि त्याच्या आधाराने बाकीचेही खरे वाटू लागते. खोटा आहे तो ९ कोटींचा. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर असून तेवढे अंतर कापायला प्रकाशाला ५ नव्हे, ८ मिनिटे १९ सेकंद लागतात. हेच अंतर मैलांत मोजले तर सुमारे ९ कोटी ३० लाख भरते. मैलांच्या आकड्याला कोणीतरी किलोमीटर चिकटवले असावेत. प्रत्यक्षात जानेवारीच्या आरंभी, उपसूर्य म्हणजे सर्वांत जवळच्या बिंदूवर, पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अपसूर्य बिंदूवर, १५ कोटी २१ लाखांवर. फरक सुमारे ५० लाख किलोमीटरचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांहूनही कमी. ग्रहांमध्ये सर्वांत लांबट कक्षा बुधाची आहे, आणि त्याचेही सर्वाधिक अंतर सर्वांत कमी अंतरापेक्षा ५२ टक्क्यांनीच जास्त भरते. संदेशातले आकडे खरे असते, तर जुलैत आपल्याला जवळच्या काळातल्या उन्हाचा जेमतेम एक तृतीयांश भाग मिळाला असता आणि मृगात पेरलेले सोयाबीन जमिनीबाहेरही आले नसते.

आता गारठ्याचे पाहू. अंतरामुळे थंडी पडत असती, तर परभणीचा प्रसिद्ध गारठा जुलैत असायला हवा होता. पण तो डिसेंबर-जानेवारीत पडतो, म्हणजे नेमका पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते त्या सुमारास. ऋतू घडतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. जुलैच्या सुरुवातीला परभणीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६ अंश उंच, जवळजवळ डोक्यावर असतो आणि दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. जानेवारीच्या आरंभी तोच सूर्य ४८ अंशांवर अडतो आणि दिवस ११ तासांचा होतो. अपसूर्य बिंदूवर सूर्यप्रकाश उपसूर्य बिंदूच्या तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी कमी पडतो हे खरे. पण ही तूट वजा करूनही जुलैतल्या निरभ्र दुपारी जमिनीच्या तेवढ्याच तुकड्यावर जानेवारीपेक्षा किमान चतुर्थांशाने जास्त ऊन पडते. मे महिन्याच्या मानाने जुलैत हवा गार वाटते ती ढगांमुळे आणि ओल्या जमिनीमुळे. पाऊस आठवडाभर दडी मारतो तेव्हा त्याच जुलैत, त्याच ‘अफेलिऑन’मध्ये, कसा उकाडा होतो हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

पहाटे ५.२७ ते २२ ऑगस्ट या मुदतीलाही आधार नाही. अपसूर्य बिंदू हा एका क्षणाचा असतो. तो ओलांडताच पृथ्वी पुन्हा जवळ येऊ लागते आणि २२ ऑगस्टपर्यंत काही लाख किलोमीटर आत सरकलेली असते. योहानेस केप्लर यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार ग्रह सूर्यापासून दूर असताना संथ आणि जवळ असताना वेगाने चालतो. पृथ्वीचा वेग जानेवारीत सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर, तर जुलैत २९.३ किलोमीटर असतो. याची खूण घरातल्या पंचांगातही सापडते, आणि मला ती फार मोलाची वाटते. जून-जुलैत सूर्याला मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवसांच्या आसपास लागतात, तर डिसेंबर-जानेवारीत धनु रास तो साडेएकोणतीस दिवसांच्या आतबाहेर ओलांडतो. म्हणजे संदेश ज्याला नवे संकट म्हणून मांडतो, ते आपल्या पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके गणितात धरलेले आहे.

राहिला आजारांचा मुद्दा. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि पावसाळ्यातला डेंग्यू साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे पसरतो. सूर्याच्या अंतराशी यांचा संबंध नाही. माझी खरी काळजी इथेच आहे, कारण ताप ‘अफेलिऑन’चा आहे असे समजून कोणी घरीच बसले, तर डेंग्यूचे निदान लांबते. ताप उतरत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे, आणि घरातले पाण्याचे बॅरल व कूलरच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या कराव्यात.