लिंकिन पार्क ऐकणाऱ्या मुलाचे हेडफोन काढून घेऊ नका

परीक्षांचे निकाल लागले की गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडण्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. रॉक ऐकणारी मुले नैराश्यात जातात. लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या गायकाने तर स्वतःच जीव दिला. या गाण्यांत उलटे वाजवल्यावर कळणारे छुपे संदेश असतात. रॉकजवळ ठेवलेली झाडेसुद्धा सुकतात. 440 हर्ट्झचा सूर मनाला विषासारखा आहे. तेव्हा उदास मुलाचे हेडफोन काढून घ्या आणि त्याला प्रसन्न गाणी ऐकवा, असा त्याचा सारांश.

पाठवणारे काळजीपोटी पाठवतात, हे मी जाणतो. मी अकरावी-बारावीला शिकवतो आणि गावच्या देवळात भजनाला पेटीवर बसतो. या मजकुरातला सल्ला आधीच खचलेल्या मुलाला आणखी एकटे पाडणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला मुद्दा : रॉकमुळे मुले निराश होतात. यात आधी काय आणि नंतर काय, याचीच गल्लत आहे. निराश मूल अशी गाणी शोधत जाते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या लीआ शर्मन आणि जेनेव्हीव्ह डिंगल यांनी 2015 मध्ये हेव्ही मेटलसारखे कर्कश संगीत ऐकणाऱ्या 39 जणांवर प्रयोग केला. आधी त्यांना संताप येईल अशा आठवणी बोलायला लावल्या. मग निम्म्यांना दहा मिनिटे आपल्या आवडीचे संगीत दिले, निम्म्यांना नुसते शांत बसवले. राग आणि ताण दोन्ही गटांत उतरला, आणि संगीत ऐकणाऱ्यांना वर उत्साह व उभारी वाटली. माणसे थोडी होती आणि सगळी त्या संगीताची चाहती होती, त्यामुळे यावरून जगाचा नियम काढता येत नाही. पण कर्कश गाण्याने चाहत्याचे डोके आणखी भडकते, ही समजूत इथे टिकली नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यांत जड आहे आणि पालकांना तोच सर्वाधिक घाबरवतो. लिंकिन पार्कचा तो गायक, चेस्टर बेनिंग्टन, 20 जुलै 2017 रोजी गेला, वयाच्या 41व्या वर्षी. ते खरे आहे. पण लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार, व्यसन आणि नैराश्य यांबद्दल तो मुलाखतींतून उघडपणे बोलत आला होता. बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर 2000 मध्ये आला. त्याचे दुःख त्याहून कितीतरी जुने होते. गाण्यांनी त्याला आजारी केले, असे म्हणायला कसलाही आधार नाही. आणि ज्याला गाण्याचे औषध स्वतःला पुरले नाही, त्याच्या हातून दुसऱ्याला काहीच मिळाले नसेल, हे तर मुळीच खरे नाही. मधुमेह असलेल्या डॉक्टरने लिहून दिलेली गोळी आपण फेकून देत नाही.

ही गाणी नेमके काय करतात, हे एकदा मुलाशेजारी बसून ऐका. कडवे बहुतेकदा दबक्या आवाजात असते. बँडमधला दुसरा गायक माइक शिनोडा रॅपमध्ये जवळजवळ बोलतो, हिशेब मांडल्यासारखे. मग ध्रुवपदाला गिटारी एकदम उसळतात आणि बेनिंग्टनचा गळा फाटेपर्यंत वर जातो. एकाच माणसाच्या आत चाललेले दोन आवाज असावेत तसे : एक समजूत घालणारा, एक ओरडणारा. शब्द साधे असतात. थकलोय, कुणासारखे तरी होण्याचा वीट आलाय, जखम भरत नाही. दुःखाचे कारण सहसा सांगितलेले नसते, म्हणून ऐकणारा त्या जागी आपले कारण ठेवू शकतो. वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, मला काय होतंय ते मला सांगता येत नाही. पण ह्या गाण्यात ते आहे." घरात ओरडता येत नाही, रडले तर प्रश्न विचारतात. तिच्या वाटचे कुणीतरी ओरडले, एवढाच तिचा दिलासा, आणि तो लहान नाही.

बेनिंग्टनच्या मृत्यूनंतर 27 ऑक्टोबर 2017 रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये बँडने त्याच्यासाठी कार्यक्रम केला. एका गाण्याला त्याचा माईक मोकळा ठेवला. वाद्ये वाजत राहिली आणि गायले ते प्रेक्षक. एवढ्या लोकांना ते शब्द पाठ होते, कारण त्यांनी ते आपापल्या वाईट दिवसांत पाठ केले होते. मला तरी त्याचा दुसरा अर्थ लागत नाही.

छुप्या संदेशांचा निकाल कोर्टातच लागला आहे. 1985 मधल्या एका दुर्दैवी घटनेवरून जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडवर अमेरिकेतल्या रेनो शहरात खटला चालला. 1990 मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला : ऐकू येतो म्हणतात तो आवाज गायकाचा उच्छ्वास आणि गिटार यांच्या योगायोगाने झालेला, मुद्दाम घातलेला नव्हे.

झाडांचा दाखला 1970च्या सुमारासच्या डोरोथी रिटलॅक यांच्या प्रयोगांचा आहे. त्यांची रचना इतकी सैल होती की वनस्पतिशास्त्राने ते गंभीरपणे घेतले नाहीत. शिवाय झाडाला शोक होत नाही. शोकातल्या माणसाबद्दल ते काय सांगणार?

440 हर्ट्झबद्दल मात्र पेटीवाला म्हणून बोलायलाच हवे. मधल्या सप्तकातला ए हा स्वर 440 हर्ट्झ धरावा, हे आंतरराष्ट्रीय प्रमाण 1955 मध्ये ठरले आणि 1975 मध्ये कायम झाले. सगळ्यांची वाद्ये एकमेकांशी जुळावीत, एवढाच त्यामागे हेतू. आपल्या बहुतेक पेट्याही त्याच मापावर लागलेल्या असतात. आणि आपला सा तर कधी ठरलेलाच नसतो. कुणी काळी एक घेतो, कुणी पांढरी चार, बाईंचा सूर काळी चार-पाचवर. ज्या संगीतात प्रत्येक गळ्यागणिक सा हलतो, त्या संगीताचा अभिमान बाळगणाऱ्याने एका आकड्यात विष शोधू नये.

आता तो सल्ला : उदास मुलाला प्रसन्न गाणी ऐकवा. गोव्यात राहून हे म्हणावे, याचे मला खरेच वाईट वाटते. आपला मांडो हा कोकणी गीतप्रकार घ्या. संथ लय, प्रेमातली हुरहूर, विरह. पिढ्यान्‌पिढ्या तो लग्नाघरांतून गाइला गेला आणि मांडोने घर उदास झाले, असे कुणी म्हटले नाही. मांडोमागून दुलपद येते, लय चढते, पाय हलू लागतात. पण आधी दुःखाला त्याचा वेळ मिळालेला असतो. देवळातल्या भजनातही करुण अभंग असतात आणि मैफल भैरवीने संपते.

संगीतोपचारात हीच वाट शास्त्र म्हणून आली. अमेरिकेतल्या आयरा ऑल्टशुलर यांनी 1940च्या दशकात मांडले, की रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या संगीताने सुरुवात करावी आणि मग हळूहळू ते बदलत न्यावे. रडणाऱ्याच्या कानांशी एकदम बँडबाजा लावला, तर त्याला कळते ते इतकेच, की इथे माझे दुःख कुणाला नको आहे. लिला तारुफ्फी आणि स्टेफान कोल्श यांनी 2014 मध्ये 772 जणांना दुःखी संगीताबद्दल विचारले; सर्वांत जास्त जणांनी सांगितलेली भावना दुःख नव्हती, गतकाळाची ओढ होती. फ्लोरिडातल्या संशोधकांना नैराश्य असलेल्या स्त्रियांनी दुःखी संगीत का निवडतो ते सांगितले : त्याने शांत वाटते.

मजकुरात खरे काहीच नाही, असे मात्र नाही. तोच तोच विचार घोळवत बसण्याची सवय असलेल्या काही जणांना दुःखी संगीतानंतर आणखी खचल्यासारखे वाटते, हेही अभ्यासांतून दिसले आहे. एकच गाणे रात्रभर, दार बंद, आणि सकाळी चेहरा आणखी उतरलेला, तर काळजी करावीच. पण ते ओळखायला बँडचे नाव उपयोगाचे नाही. "ऐकून झाल्यावर कसं वाटतं रे?" हे विचारावे लागते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.

इथे आपल्याच राज्यातले एक काम आठवावे. संगत या गोव्यातल्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना बरे वाटेल अशा गोष्टी पुन्हा करायला लावल्या, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त जण सावरले. तो अभ्यास संगीतावर नव्हता. पण जिथे आवडीची गोष्ट परत आणणे हाच उपचार आहे, तिथे मुलाच्या हाती उरलेली आवड हिसकावून घेणे उलट दिशेचे आहे.

गाणे हा आजारावरचा इलाज नव्हे. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास, मित्र सगळेच सुटले असेल, तर बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत न्या. मरणाची भाषा कानावर आली, तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. मूल काय ऐकते आणि ऐकल्यावर त्याचे काय होते, हेही डॉक्टरांना सांगा. झोप आणि जेवणाबरोबर त्यांना तेही उपयोगी पडते.