आधी पोच द्या

"कागद ठेवून जा, बघतो." नगरपालिकेच्या खिडकीत हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बघतो म्हणजे काय बघतो? कधी बघतो? अर्ज घेतलात ना, मग शिक्का मारा, तारीख टाका, आवक क्रमांक द्या. नाही! पोच मागितली की असा चेहरा करतात, जशी मी त्यांच्या घरच्या तिजोरीची किल्ली मागितली.

काम काय होतं ते ऐका. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. घरपट्टी त्यांच्या नावाने येते, ती आईच्या नावावर करायची. बस. फ्लॅट विकायचा नाही, गॅलरी बंद करायची नाही, भावाबहिणींत वाद नाही. बिलावरचं एक नाव काढून दुसरं घालायचं. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं ते कमिटीच्या एका मीटिंगमध्ये. सेक्रेटरी काका स्वतः पंचाहत्तरीचे, गुडघे दुखतात, तरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही खाली येऊ नका, सहीला मीच वर येतो." एक पैसा मानधन नाही त्यांना. आणि इथे सातव्या वेतन आयोगाची माणसं बसलीत.

आता आमच्या पालिकेची इमारत. मुंबईला लोकलने धक्के खात जाणाऱ्यांचं गाव आमचं, पण इमारत नवी कोरी, काचेची, दर्शनी भागात कारंजं. कारंज्याला पाणी असतं, आमच्या नळाला एक दिवसाआड, असो. तळमजल्यावर जन्म-मृत्यू नोंदणी. पहिल्या मजल्यावर कर विभाग. बाबांचा मृत्यू दाखला तळमजल्याने दिला. पालिकेचाच शिक्का, निबंधकाची सही, वर क्यूआर कोड. तो घेऊन मी एक जिना चढले. पहिला मजला म्हणतो, याची ट्रू कॉपी करून आणा, राजपत्रित अधिकाऱ्याची सही पाहिजे.

म्हणजे तुम्हीच दिलेल्या कागदावर तुमचाच विश्वास नाही! खालच्या मजल्यावरून वर येईपर्यंत माझे वडील जिवंत झाले असतील अशी शंका आहे का तुम्हाला? तो क्यूआर कोड काय रांगोळी म्हणून छापलाय? स्कॅन करा. मोबाइल हातातच आहे, रील बघणं थांबवा अर्धा मिनिट आणि स्कॅन करा.

बरं, राजपत्रित अधिकाऱ्याची भानगड राज्य सरकारनेच केव्हाची संपवली आहे. ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय आहे, स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन. आपणच आपल्या झेरॉक्सवर सही करायची, खोटं निघालं तर कारवाई आपल्यावर. मी तो जीआर मोबाइलवर उघडून दाखवला. उत्तर काय आलं? "मॅडम, ते आमच्याकडे आलेलं नाही." दहा वर्षं उलटून गेली. मंत्रालयातून चालत निघाला असता तरी पोहोचला असता की हो!

पुढची मागणी, वारस दाखला कोर्टातून आणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोर्टाचा वारस दाखला म्हणजे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारा कागद. एल्फिन्स्टनच्या जमान्यातला कायदा. त्यासाठी वकील, अर्ज, पेपरात जाहीर नोटीस, तारखा. हे सगळं कशाला, तर घरपट्टीच्या बिलावरच्या नावाला. आणि गंमत अशी की घरपट्टीवर नाव असल्याने मालकी सिद्ध होतच नाही. ती नोंद फक्त कर वसुलीपुरती असते, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगून झालंय. पैसे कुणाकडून घ्यायचे एवढंच त्या नोंदीचं काम. बाई समोर उभी राहून म्हणतेय की यापुढे पैसे मी भरते, बिल माझ्या नावाने पाठवा, आणि तुम्ही तिला म्हणता, आधी कोर्टात जाऊन ये. पैसे द्यायला आलेल्या माणसाला कोर्टात पाठवणारी ही एकच वसुली असेल जगात.

मी वाद घातल्यावर कोर्टावरून खाली उतरले, म्हणाले मग प्रतिज्ञापत्र चालेल. पाचशेच्या स्टॅम्पवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचा स्टॅम्प पाचशेचा झाला, हे मात्र लगेच पोहोचलं बरं का यांच्याकडे! त्याला दहा वर्षं नाही लागली. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कच माफ आहे, २००४ पासून, हे पोहोचलेलं नाही. नागरिकाकडून काही घ्यायचं असेल ते परिपत्रक पंख लावून येतं, नागरिकाला सोडायचं असेल ते वाटेत हरवतं.

या सगळ्यावर मी फक्त एक गोष्ट मागत होते. ठीक आहे, तुमच्या मते माझ्या अर्जात त्रुटी आहेत ना, तर अर्ज घ्या, पोच द्या आणि त्रुटी लेखी कळवा. इथे सगळ्यांचे चेहरे उतरले. का उतरले ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

त्याच कर विभागाच्या भिंतीवर मोठा फलक आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. सेवेचं नाव, शुल्क, किती दिवसांत मिळणार, पदनिर्देशित अधिकारी कोण, प्रथम अपील कुणाकडे, द्वितीय अपील कुणाकडे. वारसाहक्काने मालमत्ता हस्तांतरण नोंद ही सेवा त्यात आहे, मुदतीसकट. फलकाच्या अर्ध्या भागावर कपाट लावलंय, ते सोडा. मुदतीत काम झालं नाही की अपील, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, स्वतःच्या खिशातून. कायदा चांगला आहे हो. वाचून मला भरून आलं होतं. पण त्या मुदतीचे दिवस मोजायचे कधीपासून? सर्व बाजूंनी पूर्ण अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. आणि अर्ज मिळाला हे ठरतं पोचेवर. पोच द्यायची असं कायद्यात लिहिलंय, आणि म्हणूनच ती देत नाहीत! पोच दिली की दिवस मोजले जातात. नाही दिली की तुमचा अर्ज टेबलावर असूनही नसतो. वर्षभर पडला तरी त्यांच्या अहवालात प्रलंबित प्रकरणं शून्य. सगळी कामं मुदतीत. टाळ्या.

हा आळस नाही. आळशी माणूस एवढा विचार करत नाही.

आणि हेच लोक वसुलीला उतरले की बघा. घरपट्टी थकली की दरमहा दोन टक्के शास्ती. दरमहा! वर्षाचे चोवीस होतात, असं व्याज लावणाऱ्याला पूर्वी गावात सावकार म्हणायचे. तिथे कुणी म्हणत नाही की "कागद ठेवून जा, बघतो." तिथे सर्व्हर डाऊन होत नाही. तिथे साहेब रजेवर असले तरी दोन टक्के कामावर हजर. मार्च उजाडला की रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली फिरतात, थकबाकीदारांची नावं चौकात फ्लेक्सवर लावू, नळ तोडू, जप्ती करू. जप्तीपूर्व सूचना बाबांच्या नावानेही निघाली. गेलेल्या माणसाला! मृत्यूची नोंद ज्या इमारतीत आहे त्याच इमारतीतून. आई ते पाकीट हातात घेऊन बसून राहिली होती. त्या दिवशी मी खरोखर कुणाचा तरी गळा धरला असता.

बिल बघितलंय का कधी नीट? मालमत्ता कर, त्याखाली शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन, दिवाबत्ती, घनकचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क. आमच्या रस्त्यावरचे दोन गुलमोहर गटाराच्या कामात गेले, वृक्ष कर तेवढाच आहे. दिवाबत्तीचं तर बोलायलाच नको, कोपऱ्यावरचा खांब दिवसा पेटतो. ओला-सुका कचरा आम्ही वेगळा करून देतो आणि घंटागाडीवाला आमच्या डोळ्यांदेखत एकत्र ओततो. तरी भरतो ना आम्ही. ऑनलाइन दोन मिनिटांत भरलं जातं, पावती लगेच मोबाइलवर. म्हणजे यांच्या सिस्टिमला पावती देता येते! पैसे घेतल्यावर येते, अर्ज घेतल्यावर येत नाही.

ऑनलाइन अर्ज का नाही केला म्हणून मला शहाणपण शिकवू नका. केला. कागदपत्रं जोडा म्हटलं, जोडली, फाइल मोठी आहे म्हटलं, लहान केली, मग वाचता येत नाही म्हणून परत. हेल्पलाइनने सांगितलं, प्रत्यक्ष कार्यालयात भेटा.

प्रत्यक्ष भेटायचं कधी? २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागला, आमच्या पालिकेनेही तो प्रेमाने कवटाळला. शनिवार-रविवार बंद. वेळ पावणेदहा ते सव्वासहा. हे गाव नोकरदारांचं आहे, सकाळी सातच्या आत प्लॅटफॉर्मवर आणि रात्री आठला घरी. या वेळात पालिकेत जायचं म्हणजे रजा टाकायची. पाच दिवसांचा आठवडा देताना रोजची वेळ वाढवली होती, ती पावणेदहाची हजेरी कुणी बघितलीय का? साडेदहाला शिपाई पंखे लावतो. जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान फक्त अर्धा तास असा आदेश आहे. हसू नका. खरंच आहे.

आणि टेबलावर माणूस सापडला तरी सही करणारा सापडत नाही. साहेब साइटवर. साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसलेत. जिल्ह्याची व्हीसी, मंत्रालयाची व्हीसी, अभियानाच्या आढाव्याची व्हीसी, या माणसाला शासन दिवसभर स्क्रीनसमोर बसवतं आणि मग विचारतं, नागरिकांच्या तक्रारी एवढ्या का? त्यात साहेबांकडे शेजारच्या पालिकेचाही अतिरिक्त कार्यभार. क्लार्क बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, ड्युटीला. दोन जागा रिक्त, त्या भरल्याच नाहीत. इथे मी त्यांची बाजू घेईन थोडी, ज्या टेबलावर चौघांचं काम एकावर आहे तिथे तो एकटा तरी काय करणार. पण पोच द्यायला चौघं लागत नाहीत. शिक्का एक. हात एक.

मग आली निवडणूक. राज्यातल्या पालिकांवर कित्येक वर्षं प्रशासक बसले होते, नगरसेवकच नव्हते. ओबीसी आरक्षणाचा घोळ, प्रभागरचनेचा घोळ. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दटावलं तेव्हा सूत्रं हलली. ४ नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर झाला, २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा, आणि त्या दिवसापासून आमच्या खिडकीला नवं उत्तर मिळालं: "आचारसंहिता आहे." अहो, आचारसंहितेत नव्या घोषणा बंद असतात, उद्घाटनं बंद असतात. विधवा बाईचं नाव घरपट्टीवर लागल्याने कोणत्या पक्षाला मतं मिळणार होती? २ डिसेंबरला मतदान, ३ ला मोजणी असं ठरलं होतं, काही ठिकाणचं मतदान २० ला गेलं आणि मोजणी सगळ्यांचीच २१ ला. ते सगळे दिवस आचारसंहिता. मग नव्या मंडळींचे सत्कार, उपाध्यक्षाची निवड, विषय समित्या. पहिल्या महिन्यात शहरभर लागलेले अभिनंदनाचे फ्लेक्स मोजले असते तर परवान्याच्या शुल्कात पालिकेचा एक रस्ता झाला असता. परवाने घेतले असते तर.

नव्या नगरसेवकाकडेही गेले. चांगला बोलला, चहा पाजला. म्हणाला, "ताई, मी फोन करतो." फोन केलाही माझ्यासमोर. आणि मला त्याचाच राग आला. कायद्याने माझं असलेलं काम कुणाच्या तरी फोनवर का व्हावं? उद्या ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं? शिवाय फोनने झालंही नाही, ते वेगळंच.

रस्ता सगळ्यांना माहीत आहे. क्लार्कनेच हळू आवाजात सांगितला. "बाहेर झेरॉक्सवाला आहे ना, त्याच्याकडे द्या, तो करून देतो." काय करून देतो? त्याला ट्रू कॉपी लागत नाही? कोर्टाचा दाखला लागत नाही? त्याला आचारसंहिता नाही? गेटबाहेरच्या टपरीवर बसलेला पोरगा दीड हजार घेतो आणि आठवड्यात नाव बदलून देतो, म्हणजे काम आठवड्यातच होतं! माझ्या शेजारच्या बाईंनी तसंच केलं आणि मला म्हणाल्या, कशाला डोकं फोडून घेतेस. त्यांना मी दोष देत नाही. ज्यांनी ती टपरी गेटबाहेर जगवली त्यांना देते.

मी दीड हजार देणार नाही. अर्ज स्पीड पोस्टने पाठवलाय, सोबत दाखल्याची स्वयंसाक्षांकित प्रत, आणि पोस्टाच्या साइटवर वितरण झाल्याची तारीख-वेळ दिसतेय, तिची प्रिंट काढून ठेवलीय. कर विभागाने नाही दिली तर पोस्टमनने दिली पोच. फलकावरची मुदत, कपाटामागे वाकून वाचलेली, उलटून गेली. आता प्रथम अपील तयार आहे. ते ऐकणार कोण, तर त्याच मजल्यावरचे, व्हीसीला बसलेले साहेब. आणि अपील तिथल्याच खिडकीत नेऊन द्यायचंय.