खुलासा: भिंतीवरचं प्रमाणपत्र डॉक्टरचं नव्हे

‘रुग्णालयाचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं, की डॉक्टरची पदवी तपासायला नको’ असा मजकूर सध्या सांगली-मिरजेत फिरतोय. तो चुकीचा आहे. ते प्रमाणपत्र 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं, म्हणजे रुग्णालयाचं.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो. एमबीबीएस डॉक्टरांनी तो दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर देणं 2002 च्या नियमांनी बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर टाका. नाव जुळतं का, नूतनीकरण (दर 5 वर्षांनी) झालंय का, एमडी किंवा एमएस ही जादा पदवी नोंदली आहे का, तेही बघा. पाटीवर काय, काहीही रंगवता येतं! बीएएमएस आणि बीएचएमएस यांच्या परिषदा वेगळ्या. त्यामुळे इथं नाव सापडलं नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका.