'रँचवर पाठवा, मूल सुधारेल' या सल्ल्याबद्दल

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. मुलगा हाताबाहेर गेलाय, गांजा ओढतोय, शाळा बुडवतोय? मग त्याला वर्षभर एखाद्या रँचवर, म्हणजे अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या गुराघोड्यांच्या फार्मवर ठेवा. मोकळी हवा, घोडे, गाईगुरं, अंगमेहनत, मोबाइल बंद. आपल्या गुरुकुलासारखंच. दहातली आठ मुलं सुधारून येतात, सरकारचं लक्ष असतं, आणि चालवणारी माणसं देवाधर्माची, त्यामुळे काळजी नको. मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा मजकूर वाचून एखादी टेकीला आलेली आई उद्या खरोखर फोन लावेल, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

सरकारचं लक्ष असतं, हा त्यातला सर्वांत घातक दावा. मिसूरी राज्यात २०२१ पर्यंत धार्मिक संस्थेला अशी मुलं ठेवण्यासाठी परवाना तर नाहीच, राज्याला कळवावंही लागत नसे. ह्यूमन्सव्हिलजवळच्या 'सर्कल ऑफ होप गर्ल्स रँच'मधून २०२० च्या ऑगस्टमध्ये सुमारे दोन डझन मुलींना बाहेर काढावं लागलं, त्यानंतर कायदा झाला. आता अशा संस्थांना राज्याला कळवावं लागतं आणि कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी करावी लागते; परवाना मात्र अजूनही सक्तीचा नाही. म्हणजे 'देवाधर्माची माणसं' ही ज्याला आपण खात्री समजतो, तीच तिथे तपासणीतून सूट मिळवण्याची वाट होती.

मॉन्टाना राज्यात तर अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या मंडळात बहुमत होतं ते असे कार्यक्रम चालवणाऱ्यांचंच. जुलै २०१९ मध्ये हे काम राज्याच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि त्याच महिन्यात खात्याने रेक्सफर्डच्या 'रँच फॉर किड्स'मधून २७ मुलं हलवली. त्यातली बरीचशी परदेशातून दत्तक घेतलेली. मारहाण, उपाशी ठेवणं, शिक्षा म्हणून निर्जन रस्त्यांवर मैलोन् मैल चालायला लावणं, असे आरोप खात्याने नोंदवले होते. देखरेख करणारे बदलल्यावर काही आठवड्यांत एवढं बाहेर येतं, तर आधीच्या वर्षांत कोण बघत होतं?

'दहातली आठ मुलं सुधारतात' या आकड्याचं काय? असे आकडे बहुतेक वेळा संस्थांनी स्वतःच्याच मुलांना आणि पालकांना विचारून काढलेले असतात. घरीच राहिलेल्या तशाच मुलांशी तुलना नसते. आणि ती तुलना फार महत्त्वाची आहे, कारण किशोरवयातला बराचसा बेबंदपणा वयाबरोबर आपोआप ओसरतो. उलट बाजूचा पुरावा मात्र आहे. थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांकडून आणखी बिघडायला शिकू शकतात. रँचवर मुलं नेमकी अशीच एकत्र ठेवलेली असतात.

घोड्यांबद्दल थोडक्यात. मुलांना घोड्यांचा लळा लागतो, त्यांना बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण मानसिक आजारावर उपचार म्हणून घोड्यांचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात तसा भरवशाचा आधार सापडला नाही. घोडा हवाच असेल तर घराजवळच्या तबेल्यात आठवड्यातून एकदा नेता येतं.

आणि गुरुकुल? अनेक मुलांना तिथे कसं नेतात ते ऐका. पहाटे तीन-चार वाजता दोन अनोळखी धिप्पाड माणसं खोलीत शिरतात, 'कपडे घाल, आमच्याबरोबर चल' म्हणतात. आईवडील दाराशी उभे असतात, कारण पैसे त्यांनीच भरलेले असतात. पुढे पत्रं वाचली जातात, फोनवर कर्मचारी शेजारी बसून ऐकतो. आणि पालकांना आधीच बजावलेलं असतं: मूल घरी यायला रडेल, खोटं बोलेल, विश्वास ठेवू नका. या एका वाक्याने सगळी दारं बंद होतात. मुलाने मार बसतोय असं सांगितलं, तरी आईला तो त्याच्या आजाराचाच भाग वाटतो. मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो. मुलाच्या बाजूने उभं राहू शकणारं एकमेव माणूसही त्याच्यापासून तोडलं जातं.

योग्य जागा सुचवणारे सल्लागार आहेत ना, असंही कुणी म्हणतं. अमेरिकी संसदेच्या 'गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस'ने २००८ मध्ये हे तपासलं. अधिकाऱ्यांनी बनावट पालक होऊन एका सल्लासेवेला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या मुलाची वेगळी अडचण सांगितली. तिन्ही वेळा मिसूरीतला एकच बूट कॅम्प, म्हणजे लष्करी शिस्तीचं शिबिर, सुचवला गेला. सल्लासेवेचे आणि त्या कॅम्पचे मालक नवरा-बायको निघाले.

सगळी रँच सारखी नाहीत, हे मान्य. टेक्सासमधलं १९३९ पासूनचं 'कॅल फार्लीज बॉइज रँच' पालकांकडून पैसेही घेत नाही. पण तिथेही जुन्या काळात मार खाल्लेल्या मुलांची प्रमुखांना २०१७ मध्ये माफी मागावी लागली. नावाजलेल्या संस्थेबाबतही चौकशी चुकत नाही.

'मग आम्ही करायचं काय? पोरगं हातचं जातंय', हा प्रश्न खराखुरा आहे, आणि त्याला उत्तर आहे. फंक्शनल फॅमिली थेरपी आणि मल्टिसिस्टेमिक थेरपी या पद्धतींत मूल घरीच राहतं आणि थेरपिस्ट अख्ख्या कुटुंबाबरोबर काम करतो, साधारण तीन ते पाच महिने. दुसऱ्या पद्धतीत तर तो रात्रीबेरात्रीही फोनवर असतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) तज्ज्ञगटाने या दोन्हींना उपयोगी ठरवलं आणि बूट कॅम्पसारख्या धाकदपटशाच्या कार्यक्रमांनी फायदा नाही, उलट नुकसान होऊ शकतं, असं म्हटलं. यात आईवडिलांनाही स्वतःचं वागणं बदलावं लागतं. आपल्या घरांत तेच जड जातं, हे मला माहीत आहे. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर थेरपीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनला लगेच फोन करा.

एवढं करूनही एखाद्या रँचला फोन लावणार असाल, तर फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. परवाना कुठल्या खात्याचा आहे, न कळवता कधीही भेटायला येता येईल का, आणि मुलाशी रोज एकट्याने, कुणी न ऐकता बोलता येईल का. 'पहिले काही आठवडे बोलता येणार नाही' असं उत्तर आलं, तर मुलाला तिथे पाठवू नका.