फुकट मिळतंय म्हणे!

ब्रिटनमध्ये फूड बँकेचा, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रांचा विषय निघाला की कुणीतरी शहाणा हमखास म्हणतो, फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक येणारच! २०१३ मध्ये मंत्री लॉर्ड फ्रॉइड यांनी हेच तारे तोडले होते. अहो, तिथे पिशवी घेऊन सहज जाऊन उभं राहता येत नाही. फूड बँका चालवणाऱ्या ट्रसेल या संस्थेच्या केंद्रांत सहसा आधी डॉक्टर, समाजसेवक नाहीतर सल्ला केंद्राकडून चिठ्ठी आणावी लागते. मग काय मिळतं, तर तीन दिवसांचा शिधा. पास्ता, डबाबंद बीन्स, टिकाऊ दूध. याची हौस कुणाला असेल?

२०२२ मध्ये खासदार ली अँडरसन यांचं वेगळंच. म्हणे लोकांना स्वयंपाक येत नाही, ३० पेन्सात जेवण होतं! (गॅसचं बिल कोण भरणार, साहेब?)

युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याचा अर्ज केला की पहिले पैसे हातात पडायला पाच आठवडे. तोवर उचल घ्या म्हणतात, आणि ती पुढच्या हप्त्यांतून कापतात. पैसे वेळेत न मिळाल्यानंच फूड बँकांकडची गर्दी वाढली असावी, हे २०१९ मध्ये हा भत्ता देणाऱ्या खात्याच्याच मंत्री अँबर रड संसदेत बोलून गेल्या. तरी पाच आठवडे तसेच!

हे झाले तेव्हाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षवाले. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेले लेबरवाले तरी वेगळे? भत्ता पहिल्या दोन मुलांपुरताच, ही दोन मुलांची मर्यादा उठवा म्हणून मत देणारे आपलेच सात खासदार त्यांनी जुलै २०२४ मध्ये निलंबित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीच मर्यादा रद्द करायची घोषणा, वर टाळ्याही घेतल्या!