हलणारा कॅमेरा आणि माझी अक्कल

एक रसिक,

तुमची प्रतिक्रिया रात्री साडेबाराला आली आणि मी ती तेव्हाच वाचली, ही माझी चूक. झोप गेली ती गेलीच. फाउंड फुटेज भयपटांवर, म्हणजे 'हे चित्रीकरण नंतर कुणाला तरी सापडलं' असं भासवणाऱ्या सिनेमांवर, मी मनापासून लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता: "कॅमेरा हलवत पळत सुटायचं आणि त्याला सिनेमा म्हणायचं, हा दिग्दर्शनाचा आळस आहे. असलं आवडायला अक्कल गहाण ठेवावी लागते." पुढे आणखी तीन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी तुमचं बरोबर आहे ते. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चं साल मी 2007 दिलं होतं. त्या साली तो महोत्सवात दाखवला गेला, थिएटरात सगळीकडे लागला 2009 मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार. पण एवढ्यासाठी "गूगल करायचे तरी कष्ट घ्या" हे लागतं का? समोर बसून चहा पिताना तुम्ही असं बोलला असतात? स्वतःचं नाव लिहायला ज्याला जड जातं त्याने दुसऱ्याच्या अकलेचा हिशोब मांडू नये, असं आमचं आपलं जुन्या वळणाचं मत.

आता तो आळस. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' 1997 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठेक दिवसांत चित्रित झाला. बहुतेक सगळं चित्रीकरण तीन नटांनी स्वतः केलं, नावंही स्वतःचीच वापरून. दिग्दर्शक दोघं, डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. नटांना कुठे जायचं ते जीपीएसवर कळायचं. रोजच्या सूचना फिल्मच्या डब्यात चिठ्ठ्या घालून ठेवलेल्या असायच्या, एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची नाही. जेवण दिवसागणिक कमी. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारात जाऊन तंबू गदागदा हलवायचे, लहान मुलांच्या आवाजांची टेप लावायचे. त्यातून वीसेक तासांचं चित्रीकरण जमलं आणि ते कापत कापत दीड तासाच्याही आत आणलं. याला तुमच्याकडे आळस म्हणत असतील तर कष्टाला काय म्हणतात?

आणि शेवटचा प्रसंग. त्या पडक्या घरात दोन कॅमेरे आहेत. तिघांपैकी हेदरच्या हातातला फिल्मचा, त्यावर आवाज येत नाही. आवाज येतो तो माइक नावाच्या दुसऱ्या नटाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि तो खाली तळघरात पडलाय. म्हणजे चित्र दिसतं हेदरच्या डोळ्यांनी, पण तिची किंकाळी आपल्याला लांबून ऐकू येते आणि ती जिने उतरत जाते तशी जवळ येत जाते. मी हा सिनेमा 2001 साली पुण्यात होस्टेलवर, चौदा इंची मॉनिटरवर, करकरणाऱ्या सीडीवरून पाहिला. काहीतरी विचित्र वाटतंय एवढंच तेव्हा कळलं होतं. कशामुळे, ते चौथ्यांदा पाहताना हेडफोन लावल्यावर समजलं. तुम्ही किती वेळा पाहिलात? "अर्ध्यावर बंद केला" असं तुम्हीच लिहिलंय म्हणून विचारतो.

बरं, कॅमेरा हलतो हीच तक्रार असेल तर 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'तला झोपायच्या खोलीतला कॅमेरा ट्रायपॉडवर आहे. ढिम्म. नायिका केटी मध्यरात्री उठते आणि पलंगाशेजारी नुसती उभी राहते, कोपऱ्यातले घड्याळाचे आकडे पळत राहतात. दिग्दर्शक ओरेन पेलीने हे सॅन डिएगोमधल्या स्वतःच्या घरात, 15,000 डॉलरच्या आसपास खर्चात केलं. इथे कोण पळतंय?

कॅमेऱ्याबद्दल मला कुणी शिकवू नये. तासगावला मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि सातवीपासून दर सुट्टीत मी त्याच्या मागे सनगन, म्हणजे शूटिंगचा तापणारा दिवा, धरून उभा असायचो. चटक्याचे डाग अजून मनगटावर आहेत. 1996 च्या एका लग्नात मामा जेवायला गेला आणि कॅमेरा तसाच चालू, पॅसेजमध्ये खाली टेकवलेला. मिक्सिंगला बसलो तेव्हा ती तीन-चार मिनिटं सापडली. रिकामा पॅसेज, चपलांचा ढीग, लांबून बँड. मग कुणीतरी येतं. गुडघ्याच्या खालचंच दिसतं, हिरव्या लुगड्याचा काठ आणि अनवाणी पाय. ते पाय कॅमेऱ्यासमोर येऊन थांबतात, बोटं आमच्याकडे. बराच वेळ. मग जातात. बहुधा कुणी म्हातारी चप्पल शोधत असेल. मामाने ते लगेच कापलं, आणि मी पुढचे आठ दिवस अंगणात झोपलो नाही.

चौकटीच्या बाहेर उरतं त्याची भीती मला तिथे कळली, कुठल्या समीक्षकाकडून नाही.

राहिलेले तीन मुद्दे. "भूत मागे लागल्यावर कॅमेरा खाली का ठेवत नाहीत?" हा प्रश्न पंचवीस वर्षं सगळे विचारतायत, कधीतरी वेगळं लिहीन. "नट बेपत्ता झाल्याची जाहिरात ही फसवणूक होती": 'ब्लेअर विच'ची जाहिरात होती हो ती. "नंतर आलेला नव्वद टक्के कचरा": असेल. कीर्तनं तरी सगळी कुठे चांगली असतात?

तुमची प्रतिक्रिया उडवून टाक, असं बायको म्हणाली. उडवलेली नाही, वर आहे तशीच आहे. फक्त माझ्या वयाबद्दलची शेवटची ओळ झाकली आहे. 43 पूर्ण आहे, चौदा नाही.